आधी म्यान दाखवा

"काका, पोस्टिंगला जाताना कोणता चाकू घेऊ?" हा प्रश्न मला वर्षाकाठी दहा-बारा वेळा तरी येतो. कधी भरतीच्या तयारीतली पोरं विचारतात, कधी त्यांचे वडील. गेल्या दिवाळीत शेजारच्या वहिनी आल्या. त्यांचा धाकटा बेळगावला ट्रेनिंग आणि कसम परेड उरकून पहिल्या सुट्टीवर आलेला, पुढे जायचं ईशान्येला. वहिनींनी मोबाइल पुढे केला. "भावजी, हा मागवू का? पाच हजारांत बसतोय." फोटोत हातभर लांब काळा चाकू, पाठीला करवतीचे दात, मुठीच्या टोकाला होकायंत्र. मी विचारलं, "वहिनी, म्यानाचा फोटो आहे का?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. मराठा लाइट इन्फंट्रीत 22 वर्षं काढली, नायब सुभेदार होऊन घरी आलो. एवढ्या वर्षांत चाकू घेऊन कोणाशी झुंजायची वेळ एकदाही आली नाही. दोऱ्या मात्र मोजता येणार नाहीत इतक्या कापल्या. कंडेन्स्ड मिल्कचे डबे फोडले, तंबूसाठी बांबूच्या खुंट्या तासल्या, घरून आलेल्या पार्सलांची शिवण उसवली, ओल्या लाकडाची साल काढून आतलं कोरडं सरपण बाहेर काढलं. चाकूचं काम म्हणजे हे. आणि लढाईसाठी म्हणाल तर रायफलची संगीन असते, जंगलात झाडोरा तोडायला दाह असतो. दाह म्हणजे आपल्या कोयत्याचा फौजी चुलतभाऊ. एके रायफलच्या संगिनीत तर आणखी एक करामत आहे. पात्याला भोक, म्यानाच्या टोकाला खुंटी, दोन्ही एकमेकांत अडकवले की तार कापायची कात्री तयार. कोणीतरी डोकं लावून, जवानाला रोज काय लागतं ते पाहून बनवलेली वस्तू.

घडीचा चाकू का नको, हेही पोरं विचारतात. बिजागरीत वाळू जाते, चिखल जातो, थंडीत आतलं पाणी गोठतं. हातमोजे घातलेल्या हातानं तो उघडतही नाही. एकसंध पात्याला यातली एकही भानगड नाही.

माझा पहिला चाकू मात्र वहिनींच्या फोटोतल्यासारखाच होता. अरुणाचलात जाताना सिलिगुडीच्या बाजारात घेतला. पोकळ मूठ, तिच्यात काड्यापेटीच्या काड्या, मासे धरायचा गळ, सुई-दोरा. मी 20 वर्षांचा होतो, असला चाकू कमरेला लावला की माणूस आपोआप छाती काढून चालतो. चौथ्या का पाचव्या दिवशी बांबूवर घाव घातला आणि हातात नुसती मूठ राहिली. पातं गरगरत गेलं आणि पुढच्या जवानाच्या बुटापासून वीतभर अंतरावर चिखलात रुतलं. उस्तादांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग मुठीकडे, आणि म्हणाले, "इसमें अब अगरबत्ती लगा." पुढचे सहा महिने माझं नाव अगरबत्ती होतं.

मूठ पोकळ म्हणजे पातं आत जाऊन बसायला जागाच नाही. माझ्या चाकूचं पातं दोन बारीक स्क्रूंवर टेकलेलं होतं. चांगल्या चाकूत पात्याचंच पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत जातं आणि दोन्ही बाजूंनी लाकूड किंवा फायबर ठोकलेलं असतं. याला फुल टँग म्हणतात. आपल्या जुन्या घरांतल्या चांगल्या सुऱ्या बघा, मुठीच्या कडेला पोलादाची रेघ दिसते. ती रेघ शोधायची. गोल मुठीत मधोमध गज जावा तसं पोलाद आरपार गेलेलं असेल तरी चालतं, पण मग पात्याची मुळाशी जाडी भरपूर हवी.

निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला आणि कळलं की अगरबत्ती प्रकरण माझ्या एकट्याचं नाही. दुसऱ्या महायुद्धात, 1940 साली, फेअरबेर्न आणि साइक्स या शांघाय पोलिसांतून आलेल्या दोघा इंग्रजांनी कमांडोंसाठी खंजीर बनवून घेतला. विल्किन्सन सोर्ड कंपनीनं तो घडवला. दुधारी, निमुळता, दिसायला इतका देखणा की पुढे कितीतरी देशांच्या कमांडोंच्या बिल्ल्यांवर जाऊन बसला. पण ते टोक अगदी सुईसारखं. त्यानं पेटी उचकटायला गेलं की मोडायचं. अमेरिकेच्या मरीन दलातल्या रेडर्सनी, म्हणजे छापे घालणाऱ्या तुकड्यांनी, त्याच वळणाचा खंजीर घेतला, त्याची मूठ जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव, ती पुढे ठिसूळ होऊन भुगा व्हायची. मरीन सैनिक आधीपासून स्वतःच्या पैशानं साधे शिकारीचे चाकू विकत घेत होतेच. शेवटी 1942 च्या अखेरीस त्यांच्या दलानं शिकारी चाकवाच्याच धर्तीवर नवा चाकू ठरवला. सात इंचांचं पातं, एका बाजूला धार, चामड्याच्या चकत्या एकावर एक दाबून केलेली मूठ. पुढे तो का-बार या नावानं जगभर ओळखला गेला. आजही विकला जातो.

यातली मला आवडणारी गोष्ट म्हणजे आधी जवानांनी निवडलं आणि मग साहेब लोकांनी शिक्का मारला. उलटं झालं की बिल्ल्यावर शोभणारा चाकू तयार होतो.

ऑस्ट्रियाच्या फौजेचा चाकूही तसा बिनधास्त रांगडा. तिथल्या ग्लॉक साहेबांनी आपलं नावाजलेलं पिस्तूल बनवण्याच्या आधी, 1978 च्या सुमारास, फौजेला चाकू पुरवला. प्लास्टिकची मूठ, प्लास्टिकचं म्यान, आणि मुठीपुढचा आडवा दांडा असा वळवलेला की बाटलीचं बूच उघडतं. जवान चाकूनं काय करणार हे ज्याला ठाऊक आहे त्याचंच हे काम. स्वीडनच्या सैनिकांकडे मोरा गावचे चाकू असतात, चार-साडेचार इंचांचे, आपल्याकडच्या बऱ्या सुरीएवढ्या किमतीचे. हरवला तर जीव कळवळत नाही. आणि गोरखा पलटणीच्या पोरांची खुकरी. तिच्याबद्दल मी काय बोलणार? एवढंच सांगतो की तिच्या म्यानात मागं दोन छोटी पाती असतात, एक कर्दा आणि एक चकमक. बारीकसारीक कापायला कर्दा, खुकरीची धार सरळ करायला आणि ठिणगी पाडायला बोथट चकमक. मोठ्या पात्याला छोट्या पात्याची गरज पडते, हे त्यांच्या आज्या-पणज्यांनाही ठाऊक होतं.

अगरबत्तीनंतरच्या सुट्टीत गावच्या लोहारमामांकडे गेलो. ट्रकच्या पाट्याचा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्टीचा, तुकडा सोबत नेला होता. पाट्याचं पोलाद म्हणजे कार्बन अर्ध्या टक्क्याच्या जरासं वर. का-बारमध्ये जवळपास एक टक्का असतो, तो जास्त दिवस धार धरतो. पाट्याचं पोलाद मात्र वाकेल, पण सहजी तुटणार नाही. मामांनी पाटा भट्टीत तापवला, ठोकून सरळ केला. लांबी मी सांगितली सात इंच. मामा म्हणाले, "ऊस तोडायला चाललाय का?" आणि पाच इंचांवर छिन्नी लावली. मग पाणी द्यायची, म्हणजे तापलेलं पातं एकदम गार करून कडक करायची, वेळ आली. पाणी द्यायचं म्हणतात खरं, पण मामांनी बुडवलं ते इंजिनच्या जुन्या तेलात. पाण्यात पाटा तडकतो म्हणाले. बाहेर काढल्यावर पातं काचेसारखं कडक आणि तितकंच ठिसूळ. ते परत मंद आचेवर धरलं, कडेला वाळल्या गवताचा पिवळा रंग चढताना दिसला तसा बाजूला घेतला. पाठीकडे थोडा निळा जाऊ दिला. म्हणजे धार कडक, पाठ लवचीक. बाभळीची मूठ, पितळेचे तीन रिव्हेट. शंभराची नोट पुढे केली तर मामांनी पन्नास परत दिले आणि "पोस्टाचं कार्ड टाक" म्हणाले.

हा चाकू चांगला होता. तो मी नाल्यात घालवला.

इथंच म्यानाची गोष्ट सुरू होते. मी त्याला बाजारातलं एक तयार म्यान लावलं होतं, टिचबटणाचा पट्टा असलेलं. पावसाळ्यात नाला ओलांडताना बटण कधी निघालं कळलं नाही. पलीकडे पोचलो तेव्हा कमरेला रिकामं म्यान. मामांच्या दोन दिवसांच्या मेहनतीचं मी काय केलं ते त्यांना सांगायला पुढच्या सुट्टीत पाय उचलत नव्हता. त्यांनीच दुसरा घडवला, शिव्या देत देत. म्यान मात्र मी स्वतः केलं, शेतातल्या पाइपलाइनच्या पीव्हीसी पाइपचं. पाइप उभा चिरायचा, चुलीवर नरम करायचा, पातं कापडात गुंडाळून आत घालायचं आणि दोन फळ्यांमध्ये दाबून धरायचा. गार झाला की चाकवाला अंगचा सदरा शिवल्यासारखा बसतो. आत जाताना 'टक्' आवाज येतो. तो आवाज आला की उलटं धरून झटका द्या, पडत नाही. परदेशी चाकूंना कायडेक्स नावाच्या कडक प्लास्टिकचं म्यान येतं, तो याचाच श्रीमंत भाऊ. तळाला पाणी निचरायला भोक पाडायला विसरू नका. मी पहिल्या वेळी विसरलो होतो, आठवड्यात पात्यावर गंज.

पुढे लडाखच्या वरच्या एका पोस्टवर गेलो तेव्हा हेच म्यान हिवाळ्यात खडकावर आपटून बिस्किटासारखं फुटलं. पीव्हीसीला ती थंडी सोसत नाही. मग पलटणीतल्या ईबीआरनं, म्हणजे बूट-पट्टे दुरुस्त करणाऱ्या आमच्या मोच्यानं, जाड चामड्याचं शिवून दिलं. म्हणून कोणी विचारलं की आधी मी विचारतो, कुठं चाललास? थंडीत उघड्या लोखंडाची मूठ असेल तर ओल्या बोटाची कातडी चिकटून निघते. नुसत्या पोलादाच्या मुठीवर दोरी गुंडाळलेले चाकू फोटोत फार छान दिसतात, तिकडे नेऊ नका. पोलादही गारठलं की कमकुवत होतं. उन्हाळ्यात चाकूनं पेटी उचकटलीत तर कदाचित निभावेल, उणे वीसमध्ये टोक जाईल. तेलाचंही तसंच. आपल्याकडे सुरीला खोबरेल लावतात, ते तिथं मेणबत्ती होऊन बसतं. रायफलचं तेल चिंदीवर घ्यायचं आणि पुसायचं.

गंजत नाही तो स्टेनलेस घ्यावा का? दमट जंगलात, समुद्राकाठी घ्यावा. फक्त त्यातले काही प्रकार इतके कडक असतात की साध्या दगडावर धार लावता येत नाही. माझी परीक्षा सोपी आहे. नदीतला गुळगुळीत दगड घ्या, थोडं पाणी टाका, दहा मिनिटांत कागद कापण्याइतकी धार आली तर तो चाकू फौजीचा. करवतीचे दात मात्र नकोतच. बोथट झाले की पोस्टवर कोण घासून देणार? पातं चार ते साडेपाच इंच, पाठीची जाडी चार मिलिमीटरच्या आसपास, झालं.

एकदाच चाकूवर खरा कस लागला. उतारावर एक जवान घसरला आणि पिट्टूसकट, म्हणजे पाठीवरच्या पिशवीसकट, दोन खडकांच्या फटीत अडकला. पिट्टूचा पट्टा छातीवर आवळला गेलेला, पोराला श्वास घेता येईना. माझा चाकू माझ्या स्वतःच्या पिट्टूच्या आत होता, कारण चालताना मांडीला लागतो म्हणून मी तो काढून ठेवला होता. पट्टा कापला तो लंगरच्या कुकनं. कांदा चिरायची सुरी, कापडात गुंडाळून दोरीनं गळ्यात बांधलेली. त्या दिवसानंतर मी चाकू मांडीवर लावला नाही, पट्ट्याला आडवा लावला, दोन्ही हात पोचतील असा.

आता कायद्याचं. आपल्या हत्यार नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू परवान्याच्या यादीत येतात. घरकामाची, शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. फोटोतला तो हातभर चाकू त्यामुळे उगाच डोक्याला ताप. विमानात चाकू हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इनच्या सामानात टाका. आणि कमरेला लावून गावात, एसटी स्टँडवर मिरवू नका. गेल्या काही वर्षांत पुण्याकडे पोरांनी कोयत्याचं जे नाव केलंय, त्यात तुमच्या सुट्टीचे चार दिवस चौकीत जायचे. पलटणीत गेल्यावरही आधी सीनियरला विचारायचं. स्वतःचा चाकू जवळ ठेवायचा की नाही हे तिथले साहेब ठरवतात.

वहिनींना तो पाच हजारांचा चाकू मी मागवू दिला नाही. पोराला घेऊन मामांच्या मुलाकडे गेलो, आता भाता जाऊन ब्लोअर आलाय, पाटा तोच. पाच इंचांचा चाकू, म्यान चामड्याचं. पोराला म्हटलं, उलटं धर आणि उड्या मार. अंगणात वीस उड्या मारल्या, चाकू जागचा हलला नाही. वहिनी ओट्यावरून बघत होत्या. "भावजी, हे काय चाललंय?" म्हणाल्या.

महिन्यानं त्याचा फोन आला. उस्ताद म्हणाले, सध्या चाकू बॉक्समध्ये ठेव, लागेल तेव्हा सांगतो. आवाजात जरा नाराजी होती. मी म्हटलं, मग ठेव बॉक्समध्ये. तेल लावून ठेव, आणि म्यानातून बाहेर काढून ठेव. चामडं ओल धरतं.