अम्माऊसचे भोजन : प्रतिकृतीची नोंद, चौदावा आठवडा

मागची नोंद लिहिली तेव्हा मेजावरचा गालिचा, त्यावरची पांढरी चादर आणि भाजलेले पाखरू एवढेच रंगवून झाले होते. त्यानंतर मागची भिंत, उजवीकडच्या शिष्याचे हात आणि ख्रिस्ताचा चेहरा अशी तीन कामे हाती घेतली. पहिले बिघडले, दुसरे बऱ्यापैकी जमले आणि तिसरे अजून अर्ध्यावरच आहे. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. इटालियन चित्रकार काराव्हाज्जोने १६०१ मध्ये रोममध्ये रंगवलेले आणि आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत असलेले अम्माऊसच्या भोजनाचे चित्र मी निम्म्या मापात उतरवते आहे. मूळ चित्र १४१ बाय १९६.२ सेंटिमीटरचे, माझे ७०.५ बाय ९८. प्रसंग लूकच्या शुभवर्तमानातल्या चोविसाव्या अध्यायातला आहे. पुनरुत्थानाच्या दिवशी अम्माऊस गावाकडे निघालेल्या दोन शिष्यांना वाटेत एक अनोळखी माणूस भेटतो, संध्याकाळी त्यांच्या आग्रहावरून जेवायला थांबतो, भाकर घेऊन आशीर्वाद देतो आणि मोडतो. त्याच क्षणी त्यांना तो कोण हे कळते आणि तो दिसेनासा होतो.

आधी बिघडलेले काम. चित्रात प्रकाश डावीकडून, वरून येतो आणि मागे उभ्या असलेल्या खानावळवाल्याची सावली ख्रिस्ताच्या डोक्यामागच्या भिंतीवर पडते. तेजोवलय असायचे त्या जागी काराव्हाज्जोने हा काळोख ठेवला आहे आणि त्याच्यामुळेच उजळलेला चेहरा पुढे येतो. ही सावली दाट दिसावी म्हणून मी आयव्हरी ब्लॅकमध्ये अळशीचे तेल सढळ हाताने घालून जाड थर दिला. ऐन जुलैत दिला, हा आणखी एक शहाणपणा. बारा दिवसांनी बोट लावून पाहिले तर बोटाला काळे लागले. हाडे जाळून केलेला हा काळा रंग मुळातच तेल फार पितो आणि सावकाश वाळतो, हे मला पाठ होते, तरीही. शेवटी पॅलेट नाइफने सगळा थर खरवडून काढला आणि बर्न्ट अंबर या तपकिरी मातीच्या रंगात चिमूटभर काळा मिसळून, टर्पेंटाइनने पातळ करून, पुन्हा सुरुवात केली. अंबरमध्ये मँगॅनीज असल्याने तो लवकर वाळतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंत हात लावण्याजोगी झाली. आता त्यावर पातळ झिलया चढवत जाईन. खरवडताना कॅनव्हासवरची तपकिरी जमीन, म्हणजे चित्राआधी दिलेला अस्तराचा थर, दोन ठिकाणी उघडी पडली, ती तशीच ठेवली आहे, कारण तिथे ती सावलीच्या कडेला उपयोगी पडते.

हातांविषयी मात्र समाधान आहे. उजवीकडच्या शिष्याच्या अंगरख्यावर यात्रेकरूचा शिंपला आहे आणि त्याने दोन्ही हात क्रुसासारखे फैलावले आहेत. एक हात थेट आपल्या अंगावर येतो, दुसरा मागे अंधारात शिरतो. चौकटी आखून कंपासने मापे घेतली तेव्हा मागचा पंजा पुढच्याइतकाच मोठा भरला. यथार्थदर्शनाच्या नियमाने तो बराच लहान हवा. पहिल्या रेखाटनात मी तो ‘दुरुस्त’ करून लहान केला, आणि चित्रातला दचका नाहीसा झाला. शिष्य आळस देतो आहे असे दिसू लागले. मूळ माप परत आणल्याबरोबर तो पुन्हा दचकला. याला काराव्हाज्जोची चूक म्हणणारे पुष्कळ आहेत. मी दोन्ही पद्धतींनी काढून पाहिल्यावर त्यांच्याशी सहमत होऊ शकत नाही.

आता चेहरा. या ख्रिस्ताला दाढी नाही. गाल भरलेले, पापण्या खाली झुकलेल्या, केस मध्ये भांग पाडून खांद्यावर आलेले. तरुण, जवळजवळ कोवळाच म्हणावा असा. माझे बालपण वसईत गेले आणि आमच्या घरात येशूच्या पवित्र हृदयाची जी तसबीर होती, तीत लांबट चेहरा व दुभंगलेली दाढी होती. तो चेहरा हातात इतका मुरला आहे की हनुवटीखाली सावली भरताना ब्रश आपोआप दाढीचा आकार घेतो. तीनदा पुसले. चौथ्या वेळी आई खोलीत आली, बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “बाकीचे कळले गं, पण यात येशू कुठला?” मी मेजामागच्या आकृतीकडे बोट दाखवले, तर म्हणाली, “हा? याला तर मिसरूडही फुटलेले नाही.”

आईची ही तक्रार तशी जुनीच आहे. बेल्लोरीने १६७२ मध्ये छापलेल्या चित्रकारांच्या चरित्रांत याच दाढी नसलेल्या तरुण ख्रिस्ताला नावे ठेवली आहेत. पण दाढी नसलेला ख्रिस्त ही काही काराव्हाज्जोची लहर नव्हती. रोमच्या भुयारी दफनभूमींतल्या भित्तिचित्रांत खांद्यावर मेंढरू घेतलेला तरुण मेंढपाळ बिनदाढीचाच आहे, राव्हेन्नाच्या सान व्हिताले चर्चमधल्या सहाव्या शतकातल्या मोझेकमध्ये निळ्या गोलावर बसलेला ख्रिस्तही तसाच आहे आणि मायकेलअँजेलोने सिस्टीन चॅपेलमधल्या ‘अंतिम न्याया’त, म्हणजे १५४१ मध्ये पुऱ्या झालेल्या चित्रात, पुन्हा तोच प्रकार वापरला. शिवाय मार्कच्या सोळाव्या अध्यायात, दोन शिष्य वाटेने जात असता तो त्यांना निराळ्या रूपात दिसला, असे एक वाक्य आहे. काराव्हाज्जोच्या मनात तेच असावे असे बरेच अभ्यासक मानतात आणि या चित्रापाशी चौदा आठवडे घालवल्यावर मलाही तसेच वाटते. शिष्यांना ओळख पटते ती चेहऱ्यावरून नव्हे, हातावरून. भाकरीवर धरलेला डावा हात आणि मेजावरून पुढे आलेला उजवा हात यांवरून. चेहरा पाहताक्षणी ओळखू आला असता तर खुर्चीचे हात घट्ट धरून उठू पाहणाऱ्या डावीकडच्या शिष्याला दचकायचे कारणच उरले नसते. म्हणून आता चेहऱ्यात भाव भरण्याचा हट्ट सोडला आहे. पापण्यांवरचा प्रकाश एक छटा खाली आणला, ओठांचा तांबडा यलो ऑकरने, म्हणजे पिवळ्या मातीच्या रंगाने, विझवला, आणि जे रंगकाम वाचले ते उजव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर खर्च केले.

रेम्ब्रांटने याच प्रसंगात चेहऱ्याचा प्रश्न फार धूर्तपणे सोडवला आहे. पॅरिसच्या जाकमार-आंद्रे संग्रहालयात त्याचे १६२९ च्या सुमाराचे छोटे चित्र आहे. त्यात दिवा ख्रिस्ताच्या मागे लपवला असून त्याची नुसती काळी बाह्याकृती दिसते. हे मी आधी निवडले असते तर पावसाळा सुखाचा गेला असता.

तुलनेसाठी मिलानच्या ब्रेरा संग्रहालयातल्या काराव्हाज्जोच्या दुसऱ्या चित्राची छापील प्रत ईझलशेजारी लावली आहे. १६०६ च्या मे महिन्यात हाणामारीत एकाला ठार मारून तो रोममधून पळाला, त्यानंतर लवकरच रंगवलेले हे चित्र. विषय तोच, पण फळांची टोपली गेली, मेजावर मोजकेच पदार्थ उरले, हात अंगाजवळ आले आणि ख्रिस्ताला दाढी आली. चेहरा थकलेला आहे. रंग इतका पातळ लावला आहे की सावल्यांचे काम बरेचसे खालची जमीनच करते. भिंतीसाठी मी पातळ अंबरकडे वळले ते काही अंशी हे पाहूनच.

मेजाच्या कडेबाहेर आलेली ती टोपली मी शेवटासाठी राखून ठेवली आहे. ईस्टरचा प्रसंग वसंतातला आणि टोपलीत द्राक्षे, डाळिंबे अशी शरदातली फळे, यावरही बेल्लोरी रागावलाच आहे. मला चिंता वेगळी आहे : चादरीवर पडलेली टोपलीची सावली. ती अर्धा सेंटिमीटर जरी आत सरकली तरी टोपली मेजावर नीट बसेल आणि पडेल-पडेल अशी वाटणार नाही. त्यामुळे फळांआधी सावलीच रंगवायची ठरवली आहे, तीही भिंत पूर्ण वाळल्यावर.