तांदळात प्लॅस्टिक नाही, हे आयांनीच शोधून काढलं

मी सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यात एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते पाचवीचे वर्ग, साठेक मुलं, पत्र्याचं स्वयंपाकघर. मुलांना सकस खायची सवय कशी लावावी यावर प्रशिक्षणांत बरंच ऐकलंय. माझं स्वतःचं एक मत आता पक्कं झालंय : शाळेचं स्वयंपाकघर गावातल्या आयांना उघडं करा. तक्ते, घोषवाक्यं, प्रभातफेरी, सगळं त्यानंतर.

हे मत झालं तांदळामुळे.

पोषण आहाराचा तांदूळ काही वर्षांपासून फोर्टिफाइड येतो. तांदळाच्याच पिठात लोह, फोलिक आम्ल आणि बी-12 जीवनसत्त्व मिसळून यंत्रातून दाणे काढतात आणि साध्या तांदळाच्या शंभर दाण्यांमागे असा एक मिसळतात. हा दाणा जरा वेगळा दिसतो, पाण्यात टाकला की बऱ्याचदा तरंगतो. झालं, शाळेत प्लॅस्टिकचा तांदूळ शिजतोय अशी गावभर बोलवा उठली. मोबाइलवर व्हिडिओ फिरले. काही घरांतून पोरांना शाळेत जेवायचं नाही म्हणून दम भरला गेला. आणि आमच्या स्वयंपाकाच्या मावशी तांदूळ निवडताना नेमके तेच दाणे वेचून बाहेर टाकत होत्या. ज्यासाठी एवढा खटाटोप, ते लोह थेट उकिरड्यावर.

पालकसभा लावली. परिपत्रक वाचून दाखवलं, कुणी हूं की चूं केलं नाही. मग एक आजी म्हणाली, "बाई, कागुद ऱ्हाऊ द्या. दाणं हिकडं द्या." मूठभर दाणे वेगळे करून ताटात ओतले आणि ताट बायकांत फिरवलं. एकीनं वाटीत भिजत घातले, एकीनं चुलीवर छोटं पातेलं चढवलं. तिसरीनं उलथन्यावर चार दाणे घेऊन ते जाळावर धरले. वितळले नाहीत, थेंब गळला नाही, भाजक्या तांदळासारखे काळे पडले आणि वासही तसाच आला. तोवर भिजलेले दाणे मऊ झाले होते. आजीनं एक दाणा बोटांत चुरडला, जिभेवर ठेवला आणि म्हणाली, "पीठच हाय की!" माझ्या तासाभराच्या बोलण्यानं जे झालं नव्हतं, ते त्या तीन शब्दांनी झालं.

तेव्हापासून दोन-दोन आया आळीपाळीनं येतात. मुलांच्या आधी चव बघून चव नोंदवहीत सही करतात. तांदळाचं धुवण ओतताना तरंगणारे दाणे वाहून जातात हेही त्यांनीच हेरलं. आता धुवण चाळणीतून ओतलं जातं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या राज्यातली पाच वर्षांखालची शंभरातली सुमारे 69 मुलं रक्तक्षयाची निघाली. हीच मुलं पुढे माझ्या पहिलीत येऊन बसतात, त्यामुळे मला त्या चाळणीतला एकेक दाणा मोलाचा वाटतो.

नियम सगळ्या शाळांना सारखाच आहे. पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी. त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत. कागदावर हे बरोबर आहे. पण ताटाच्या कडेला दुधीच्या फोडींची रांग लागलेली असते, तिथं ती 50 ग्रॅम भाजी कुणाच्या पोटात गेली? आयांनी हे एका दिवसात पाहिलं. दुधी आता किसून वरणात जातो. लाल भोपळा शिजवून घोटला की मुलं दुसऱ्यांदा मागतात. शेवग्याचा पाला डाळ उतरवायच्या जरा आधी बारीक चिरून घालतात, वरून लिंबू. लिंबानं पाल्यातलं लोह अंगी लागायला मदत होते, हे मी सांगितलं. कोवळा पाला कुठला आणि कडवट कुठला, हे त्यांनी मला शिकवलं.

मटकीचं सांगायलाच हवं. 2024 च्या जूनपासून आहारात मोड आलेली कडधान्यं आली. आमच्याकडं डिसेंबरात रात्री कडाक्याची थंडी पडते, मटकीला मोडच येईनात. मावशी हिरमुसून तशीच उसळ करायच्या. एका आईनं भिजलेली मटकी सुती फडक्यात गच्च बांधली, गाठोडं डब्यात घातलं, डबा जुन्या घोंगडीत गुंडाळला आणि दुपारची चूल विझली तरी राख गरम होती तिथं शेजारी ठेवून दिला. सकाळी गाठोडं सोडलं तर बोटाच्या पेराएवढे मोड. पोरं बघायला गोळा झाली. त्या दिवशी विज्ञानाचा तास स्वयंपाकघराच्या दारातच झाला, आणि उसळीचं पातेलं चाटूनपुसून रिकामं.

आया रोज शाळेत येऊ लागल्यावर बोलणंही मोकळं झालं. बऱ्याच मुलांचा सकाळचा नाश्ता म्हणजे चहा आणि बिस्किट, नाहीतर दुकानातलं पाच रुपयांचं पुडकं. यावर आयांना बोल लावणं मला मान्य नाही. सात वाजता खुरपायला जायचं असतं, भाकरी व्हायच्या आत घर सोडावं लागतं, म्हणून पोराच्या हातावर नाणं ठेवलं जातं. ते नाणं मायेनंच दिलेलं असतं. यावर शेंगदाणे हा तोडगा आयांनीच काढला. शेंगा निघाल्या की ज्याला जमेल त्यानं शाळेला थोड्या द्यायच्या. परिपाठाच्या आधी मूठभर भाजके शेंगदाणे आणि गुळाचा खडा. परिपाठात भोवळ येऊन मटकन खाली बसणारी मुलं आता दिसत नाहीत.

दुकानदारदादांशीही त्याच बोलल्या. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरांत जास्त मीठ-साखर-तेलाचे पदार्थ विकायला 2020 च्या नियमानं बंदी आहे. तो कागद माझ्याकडे होता, पण मी तो काढला नाही. आयांनी चिक्की, फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू ठेवायला सांगितलं आणि विकत घ्यायची हमी दिली. पुडकी अजून आहेत, पण ती आता आतल्या फळीवर गेली.

चहाचं मात्र अजून जमलेलं नाही. जेवणावर लगेच चहा घेतला की जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही. शाळेत आठवड्याला लोहाची गुलाबी गोळी देतो, तीही चहाबरोबर नको. पण घरी सगळेच जेवण झालं की चहा घेतात, मग पोरांना कोण अडवणार? निदान तासभर थांबा, एवढंच सध्या सांगते.

आता अंड्याविषयी, कारण ते मला टोचतं. 2023 च्या नोव्हेंबरात आठवड्यातून एक अंडं सुरू झालं, न खाणाऱ्यांना केळं. आमच्या गावात माळकरी घरं बरीच आहेत. त्या मुलांना केळं मिळायचं, बाकीच्यांना अंडं, एकाच पंगतीत, आणि एकदाही वाद झाला नाही. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे लहान मुलाच्या जेवणात अपेक्षित असलेल्या प्रथिनांच्या निम्मी. 2025 च्या जानेवारीत शासनानं अंड्यांचा निधी थांबवला आणि लोकसहभागातून सोय करायला सांगितलं. इथल्या बायकांनी खुराड्यातली अंडी आणून दिली, कोंबड्या अंड्यावर होत्या तोवर. साठ मुलांना दर आठवड्याला पुरतील एवढी अंडी कुठून आणायची? बागायती गावाला लोकसहभाग झेपेल. जिथं चारा छावण्या लागतात, जिथली माणसं ऊसतोडीला जातात, तिथंच अंड्याची गरज जास्त आणि द्यायची ऐपत कमी. ही जबाबदारी गावावर टाकणं चूक आहे, असं मी स्पष्ट म्हणते.

आणि मावशींचं मानधन. 2023 मध्ये दीड हजाराचं अडीच हजार झालं, तेही वर्षातले दहाच महिने. साठ जणांसाठी डाळ घोटणं, मटकीचं गाठोडं सांभाळणं, भांडी घासणं, सगळं त्या पैशात. मुलांच्या ताटात काय पडतं हे रोज शेवटी त्याच ठरवतात. शाळा व्यवस्थापन समितीच्या गेल्या बैठकीत दोन ठराव झाले : अंड्यांचा निधी परत सुरू करावा आणि स्वयंपाकी-मदतनिसांचं मानधन वाढवावं. दोन्ही आयांनी मांडले. पत्र पंचायत समितीकडे गेलं आहे. तुमच्या शाळेतही असे ठराव करता आले तर करा आणि पाठवा, एका गावाच्या कागदाला वजन येत नाही.