सेडर, पित्त आणि वांग्याची फोड

ऑस्टिनला येऊन तिसरा हिवाळा, आणि यंदाही सेडर फीव्हरने गाठलंच. नावात फीव्हर असलं तरी ताप येत नाही. नाक गळतं, डोळे चुरचुरतात, डोकं जड होतं. झाडही खरं सेडर नव्हे, ॲश ज्युनिपर. डिसेंबर ते फेब्रुवारी त्याची नर झाडं पिवळी-तांबूस होतात आणि वारा सुटला की परागांचा असा लोट उठतो, की लोक धूर समजून अग्निशमन दलाला फोन करतात. शेवटी ॲलर्जिस्टची वेळ घेतली. (इन्शुरन्स एचएमओ असेल तर आधी फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी आणावी लागते. माझा पीपीओ आहे, तेवढं सुटले.)

वेळ मिळाल्यावर आला फॉर्म. कुठली औषधं घेता, घरात कुणाला दमा, इसब, ॲलर्जी? रात्री साडेनऊला आईला फोन लावला, बार्शीत सकाळचे नऊ. "आपल्यात कुणाला नाही बाई असलं काही." मग चहा गाळता गाळता एकेक निघायला लागलं. ज्वारीची रास करताना आजोबा शिंकून बेजार व्हायचे. आत्याच्या अंगावर पित्त उठायचं, मग आमसुलाचं पाणी चोळायचे. आजीला पावसाळ्यात धाप लागायची. आणि "तुला लहानपणापासून वांगं बाधतं, विसरलीस?"

आता हे फॉर्मवर लिहायचं कसं? पित्ताचं 'बाइल' केलं तर डॉक्टर यकृत तपासायला धाडतील. अंगावरचं पित्त म्हणजे 'हाइव्ह्ज', धाप म्हणजे बहुधा दमा. 'बाधतं'ला शब्दच सापडेना, म्हणून नुसतं लिहिलं: वांगं खाल्लं की घशाला खाज. औषधांच्या रकान्यात सितोपलादि चूर्णही लिहिलं. घरचं म्हणून वगळू नका, ते विचारतातच. रक्तदाबाची गोळी, त्यातही बीटा-ब्लॉकर असेल तर ती आवर्जून सांगा. पण मनाने बंद करू नका.

सूचना साध्या होत्या. हातावर टोचून करायच्या ॲलर्जी टेस्टच्या सात दिवस आधी सेटिरिझिनसारख्या अँटिहिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीच्या गोळ्या बंद, नाकातला स्टेरॉइडचा स्प्रे चालू ठेवला तरी चालेल, त्या दिवशी हाताला लोशन नको, बाही वर जाईल असे कपडे. ऐन सेडरच्या मोसमात गोळीविना सात दिवस! पाचव्या रात्री झोप येईना म्हणून सर्दीचं रात्री घ्यायचं सिरप दोन चमचे प्यायले. ते सर्दीचं, ॲलर्जीचं थोडंच!

टेस्टच्या दिवशी नर्सने हातावर पेनाने आकडे घातले आणि प्रत्येक आकड्याशेजारी एकेक टोचणी दिली. त्यात एक सलाइनची, तिथे काही उठायला नको, आणि एक हिस्टामिनची, तिथे गांध उठलीच पाहिजे. पंधरा मिनिटं झाली, हात कोराच. "काल-परवा काही घेतलंत का?" सिरपचं नाव सांगितलं. तिने फोनवर घटक काढून दाखवले, त्यात डायफेनहायड्रामिन, म्हणजे जुन्या पिढीचं अँटिहिस्टामिनच. पुढची तारीख घ्या.

त्या दिवशी डॉक्टरांशी बोलणं मात्र पुष्कळ झालं. त्रास घरात जास्त की बाहेर, कुठल्या महिन्यात, खाल्ल्यानंतर किती मिनिटांनी? मी पंधरा दिवसांच्या नोंदी नेल्या होत्या, त्या त्यांनी टेस्टपेक्षाही मन लावून वाचल्या. वांग्यापाशी थांबून म्हणाले, पुढच्या वेळी एक ताजी फोड घेऊन या.

दोन आठवड्यांनी डबीत वांग्याची फोड घेऊन गेले. नर्सने सुई आधी वांग्यात टोचली, मग माझ्या हातात. हिस्टामिनची गांध झकास उठली. सेडरची तिच्याहून मोठी, कडा वेड्यावाकड्या, आणि खाज अशी की दुसरा हात मांडीखाली दाबून बसले. नर्सने पट्टी लावून मिलिमीटर मोजले.

वांग्याच्या जागी काहीच नाही. आईला अजून कळवलेलं नाही.