एचएमटी पायलट, चौथी नोंद: ठोका बरोबर, तरी मिनिटकाटा मागे

मागच्या नोंदीत माझ्या एचएमटी पायलट या जुन्या मनगटी घड्याळाचे मशीन पूर्ण सुटे करून, धुऊन आणि तेल देऊन पुन्हा जुळवल्याचे लिहिले होते. टायमिंग मशीनवर, म्हणजे घड्याळाची टिकटिक ऐकून त्याची गती दाखवणाऱ्या यंत्रावर, ठेवल्यावर ते दिवसाला सुमारे ९ सेकंद पुढे जात होते आणि पूर्ण चावी दिल्यावर बॅलन्सचा (मागेपुढे झुलून वेळ राखणाऱ्या चाकाचा) झोका २६५ अंशांपर्यंत येत होता. हाताने चावी द्यायच्या या जुन्या घड्याळाकडून मला यापेक्षा अधिक अपेक्षा नव्हती, म्हणून डायल आणि काटे बसवून मी ते मनगटावर बांधले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तेव्हा ते मोबाइलच्या वेळेपेक्षा १७ मिनिटे मागे होते. त्याच वेळी सेकंदकाटा मात्र जवळजवळ अचूक जागी होता. पुढचे तीन आठवडे या विसंगतीचा माग काढण्यात गेले आणि घड्याळाच्या रचनेतील जो भाग मी आजवर गृहीत धरला होता, तो प्रथमच नीट समजला.

दोष कोठे असू शकत नाही हे ठरवण्यासाठी मी शक्तीच्या उगमापासून सुरुवात केली. चावी दिली की बॅरल या दातेरी डबीमधील मेन स्प्रिंग आवळली जाते. दिलेली चावी उलटी सुटू नये म्हणून बॅरलवरच्या रॅचेट व्हील या चाकाच्या दात्यांत क्लिक नावाची छोटी अडणी बसलेली असते. स्प्रिंग उलगडू लागली की तिचा जोर बॅरलच्या दात्यांमधून सेंटर व्हीलला, तेथून थर्ड व्हीलला, मग फोर्थ व्हीलला आणि शेवटी एस्केप व्हीलला पोहोचतो. प्रत्येक टप्प्यावर वेग वाढतो आणि जोर कमी होत जातो. सेंटर व्हील तासाला एक फेरी घेते आणि फोर्थ व्हील मिनिटाला एक. म्हणूनच सेकंदकाटा फोर्थ व्हीलच्या आसावर बसवता येतो. या घड्याळाचे ठोके (टिकटिक) तासाला १८,००० पडतात, म्हणजे सेकंदाला ५. एस्केप व्हीलला १५ दाते असतील आणि प्रत्येक दात्यामागे दोन ठोके पडत असतील, तर ते चाक मिनिटाला १० फेऱ्या घेते. ही सारी धाव पॅलेट हा छोटा दुहेरी अडसर आपल्या दोन खड्यांनी आळीपाळीने अडवते आणि सोडते. सोडताना तो बॅलन्सला हलका धक्का देतो, आणि हेअर स्प्रिंग ही केसासारखी बारीक स्प्रिंग बॅलन्सला पुन्हा मध्याकडे ओढून आणते. घड्याळाची नियमितता या शेवटच्या जोडीवर अवलंबून असते. मेन स्प्रिंग फक्त बळ पुरवते.

सेकंदकाटा बरोबर चालत होता, याचा अर्थ बॅरलपासून बॅलन्सपर्यंतची संपूर्ण साखळी निर्दोष होती. टायमिंग मशीनही तेच सांगत होते, कारण ते फक्त ठोके ऐकते. काटे कोठे आहेत हे त्याला कळत नाही. टायमिंग मशीनवरचा आकडा चांगला आला की काम झाले असे मी मानत आलो होतो, पण तो आकडा डायलच्या मागच्या बाजूविषयी काहीच सांगत नाही.

तेथे, सेंटर व्हीलच्या आसावर, कॅनन पिनियन ही दातेरी नळी दाबून बसवलेली असते आणि मिनिटकाटा तिच्यावर असतो. तिचे दाते मिनिट व्हील फिरवतात, मिनिट व्हील तासाचे चाक फिरवते, आणि वेग १२ पटींनी कमी होऊन तासकाटा चालतो. ही नळी आसावर पक्की जोडलेली नसते, केवळ घर्षणाने धरलेली असते. ही योजना मला फार सुंदर वाटते. एरवी ती आसाबरोबर फिरते. बटण बाहेर ओढून वेळ लावताना मात्र ती आसावर घसरते, त्यामुळे आतली चाके न दुखावता काटे फिरवता येतात. हे घर्षण नेमके हवे. ते कमी पडले तर आस फिरत राहतो आणि नळी मागे राहते.

तरीही एक शंका उरली होती. नळी घट्ट असूनही मिनिटकाटाच तिच्यावर सैल बसला असण्याची शक्यता होती. त्याचा निवाडा तासकाट्याने केला. केवळ मिनिटकाटा सैल असता, तर तासकाटा योग्य जागी राहिला असता आणि दोघांचा मेळ तुटला असता. माझ्या घड्याळात मिनिटकाटा १२ वर आला की तासकाटा अगदी आकड्यावर असे. दोघे मिळून मागे पडत होते. वेळ लावताना बटणही फार हलके फिरत होते. दोष कॅनन पिनियनचाच होता, आणि सफाईच्या वेळी ती सरळ वर न उचलता पिळत ओढल्याने मीच तिची पकड घालवली असावी.

दुरुस्तीसाठी स्प्रिंगची चावी पूर्ण उतरवली, काटे, डायल आणि तासाचे चाक काढले. नळीच्या बाजूला बारीक खळगा असतो. तोच आतून आसाला पकडतो. नळी चिरडू नये म्हणून तिच्यात नेमक्या जाडीची गुळगुळीत पोलादी सळी घातली आणि कडा बोथट केलेल्या कटरने खळगा किंचित दाबला. यासाठी वेगळे अवजारही मिळते, पण ते माझ्याकडे नाही. एकाच दाबात काम उरकण्याचा मोह टाळावा. मी तीन वेळा थोडे थोडे दाबले आणि दर वेळी आसावर बसवून पाहिले. पकड जास्त झाली तर काटे उलटे फिरवताना जोर चाकांच्या रांगेत शिरतो आणि सेकंदकाटा अडखळतो किंवा मागे सरकतो. तिसऱ्या वेळी बटणाला हवा तसा मऊ, सलग विरोध जाणवला आणि सेकंदकाटा निर्वेध चालत राहिला. बसवण्यापूर्वी आसाला घट्ट ग्रीसचा अगदी छोटा ठिपका दिला, कारण तेथे धातूवर धातू घासतो आणि कोरडी नळी लवकर झिजते.

आता सलग सहा दिवस रोज सकाळी एकाच वेळी चावी देऊन नोंद ठेवली आहे. तिन्ही काटे एकमेकांशी जुळून चालतात आणि सहा दिवसांत घड्याळ एकूण ५० सेकंद पुढे गेले आहे. पुढच्या नोंदीत काचेचे ओरखडे आणि झिजलेले बटण हाती घेईन.