कालिनागोंच्या गावी

डॉमिनिका आणि डॉमिनिकन रिपब्लिक हे दोन वेगळे देश आहेत, हे निघण्यापूर्वी मला बऱ्याच जणांना समजावून सांगावे लागले. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वाडलूप आणि मार्टिनिक या फ्रेंच बेटांच्या मधोमध असलेले हे डोंगराळ बेट कोलंबसाला ३ नोव्हेंबर १४९३ रोजी दिसले आणि तो रविवार (लॅटिनमध्ये ‘डोमिनिका’) असल्यामुळे बेटाला हे नाव पडले. मूळ रहिवासी मात्र त्याला ‘वाइतुकुबुली’, म्हणजे ‘उंच आहे तिची काया’, असे म्हणत. राजधानी रोझोहून मिनीबसने घाट चढून, दाट अरण्य ओलांडून पूर्व किनाऱ्याकडे उतरताना हे नाव मनोमन पटते. त्याच किनाऱ्यावर, अटलांटिकच्या खवळलेल्या पाण्यासमोरच्या उतारांवर, या मूळ रहिवाशांची, म्हणजे कालिनागोंची, वस्ती आहे. जगाने त्यांना ‘कॅरिब’ म्हटले आणि एका अख्ख्या समुद्राला त्यांचे नाव दिले.

हेस्केथ बेल या ब्रिटिश प्रशासकाने १९०३ मध्ये सुमारे ३,७०० एकर जमीन त्यांच्यासाठी राखून ठेवली. आज तिथे अंदाजे ३,००० लोक राहतात. जमीन सगळ्यांच्या सामायिक मालकीची आहे. ती कोणाला विकता येत नाही, म्हणून ती टिकली; पण ती गहाण ठेवता येत नसल्यामुळे घर बांधायला बँकेचे कर्ज मिळणे कठीण जाते. १९३० मध्ये चोरट्या मालाच्या शोधासाठी आलेल्या पोलिसांशी इथे चकमक झाली, दोन कालिनागो मारले गेले आणि त्यांच्या प्रमुखाचे पद सरकारने काढून घेतले. ते परत मिळायला १९५२ साल उजाडले.

क्रेफिश रिव्हर या पाड्याजवळ ‘कालिनागो बाराना ऑटे’ नावाचे सांस्कृतिक गाव उभारले आहे. तिथे मी सर्वाधिक वेळ कसावाच्या भट्टीपाशी काढला. कसावा म्हणजे ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा होतो तोच कंद. त्याच्या कडू जातीत विषारी सायनाइड तयार होते, त्यामुळे किसलेला कंद पिळून रस काढून टाकल्याशिवाय तो खाता येत नाही. त्यासाठी लारूमा नावाच्या वेताची एक लांबलचक, तिरकस विणीची नळी वापरतात. तिच्यात कीस ठासून भरायचा, वरचे टोक आढ्याला अडकवायचे आणि खालच्या टोकाला जड ओझे लावायचे. ओढ बसली की वीण ताणली जाते, नळी लांब आणि अरुंद होते आणि पिवळसर रस निथळून खाली पडतो. उरलेला कोरडा चोथा चाळून तापलेल्या लोखंडी पत्र्यावर थापला की भाकरी तयार होते. यंत्राचा एकही भाग नसलेली ही नळी ज्यांनी पहिल्यांदा विणली, त्यांच्या बुद्धीपुढे मी मनापासून नतमस्तक झालो.

याच परिसरातून इंग्रजीत शिरलेल्या शब्दांची यादी मोठी आहे. पण तिच्यातले फार थोडे शब्द खऱ्या अर्थाने कॅरिब आहेत. कनू, हॅमॉक, हरिकेन, बार्बेक्यू आणि खुद्द कसावा हे शब्द उत्तरेकडच्या मोठ्या बेटांवरील ताइनो लोकांचे. ताइनोंचाच ‘बटाटा’ (तिथे तो रताळ्याचे नाव होता) पोर्तुगीजांबरोबर गोव्यामार्गे आपल्याकडे आला आणि आपल्या भाजीत कायमचा राहिला. कॅरिब भाषांच्या खात्यावर जमा होणारे शब्द वेगळेच आहेत: पिरोग ही एका लाकडातून कोरलेली होडी, पेकरी हा रानडुकरासारखा प्राणी, केमन ही सुसर आणि बाणाच्या टोकाला लावायचे क्युरारे हे विष. रान, नदी आणि शिकार यांच्याशी नित्याचा संबंध असलेल्या लोकांची ही शब्दसंपदा आहे.

मात्र त्यांच्या नावातून निघालेला एक शब्द त्यांना फार महागात पडला. १४९२ मध्ये ताइनोंच्या तोंडून कोलंबसाने शेजारच्या शत्रूंचे ‘कनिबा’ हे नाव ऐकले. आपण आशियात पोहोचलो आहोत अशी त्याची ठाम समजूत असल्यामुळे हे महान खानाचेच, म्हणजे चीनच्या मंगोल सम्राटाचेच, लोक असावेत, असे त्याने रोजनिशीत नोंदवले. ते माणसे खातात, ही ऐकीव गोष्टही त्याच नोंदींतून युरोपात गेली आणि जमातीच्या नावाचा ‘कॅनिबल’, म्हणजे नरभक्षक, झाला. १५०३ मध्ये स्पेनच्या राणी इसाबेलाने अशा ‘नरभक्षकांना’ पकडून गुलाम करण्यास परवानगी दिली. त्यानंतर ज्यांना गुलाम करायचे त्यांना कॅरिब ठरवले की काम भागत असे. भट्टीवरच्या बाईंनी मला शांतपणे, पण स्पष्ट शब्दांत सांगितले, ‘आम्हाला कॅरिब म्हणू नका. आम्ही कालिनागो.’ या प्रदेशाच्या नावातला ‘कॅरिब’ शब्द २०१५ मध्ये अधिकृतपणे बदलून ‘कालिनागो’ केला गेला आणि २०२३ मध्ये सिल्व्हानी बर्टन या कालिनागो बाई देशाच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या, या दोन्ही गोष्टींचे मोल त्या वाक्यामुळे मला नीट कळले.

भाषेची कथा याहूनही गुंतागुंतीची आहे. रेमों ब्रतों हा फ्रेंच मिशनरी सतराव्या शतकात या बेटावर राहिला आणि १६६५ मध्ये त्याचा कोश छापून निघाला. त्यात पुरुषांचे आणि बायकांचे शब्द वेगवेगळे नोंदवलेले आहेत. भाषेचा पाया अरावाक कुळातला (ताइनोंची भाषाही याच कुळातली) आणि पुरुषांच्या बोलण्यात कॅरिब शब्दांची भर, असे तिचे स्वरूप होते. डॉमिनिकात ती १९२० च्या सुमारास बोलणारे कोणी उरले नाही. आज इथे इंग्रजी आणि क्वेयोल ही फ्रेंचवर आधारलेली बोली चालते. कालिनागो भाषेची एक शाखा मात्र जिवंत आहे. १७९७ मध्ये ब्रिटिशांनी सेंट व्हिन्सेंट बेटावरून कालिनागो आणि आफ्रिकी अशा मिश्र वंशाच्या गारिफुना लोकांना होंडुरासजवळच्या रोआतान बेटावर हद्दपार केले आणि तिथून ते मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावर पसरले. त्यांच्या भाषेत ‘मी’ म्हणताना पुरुष ‘आउ’ म्हणतो आणि बाई ‘नुगुया’. मराठीत आपण ‘जातो’ आणि ‘जाते’ असा फरक करतो. इथे सर्वनामच निराळे. ही भाषा कानांनी ऐकायची तर बेलीझला जायला हवे. तिथल्या डँग्रिगा गावात १९ नोव्हेंबरला गारिफुनांचा मोठा उत्सव असतो, आणि पुढच्या प्रवासाची आखणी मी त्याच तारखेभोवती करतो आहे.