उशीचा अभ्रा

"मानसिक रुग्णांच्या वॉर्डात तू दिवसभर नक्की करतेस काय?" इंग्लंडला आल्यापासून हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक फोनवर विचारला जातो. खरं उत्तर एका शब्दाचं आहे: बसते.

इथे मानसिक आरोग्य ही नर्सिंगची वेगळी शाखा आहे. प्रौढ, बालक, लर्निंग डिसॅबिलिटी (म्हणजे बौद्धिक अक्षमता) आणि मानसिक आरोग्य अशा चार शाखा, आणि नोंदणी त्या त्या शाखेची. माझ्याबरोबर आलेल्या मैत्रिणी प्रौढ शाखेत गेल्या. मी ही वाट धरली, आणि पहिल्याच आठवड्यात मला एका तरुण मुलीच्या शेजारी खुर्ची टाकून बसवलं. कुणावर पंधरा मिनिटांनी नजर टाकायची असते, कुणी सतत डोळ्यांसमोर लागतं, आणि कुणापासून हातभर अंतरसुद्धा सोडायचं नसतं. ही तिसऱ्यातली. ती बाथरूमला गेली तरी मी दारात.

सलाइन लावायची, ड्रेसिंग बदलायची सवय असलेल्या हातांना तेव्हा काही सुचेना. तासाभराने नोंद केली, "रुग्ण शांत." सीनियर नर्सने वही माझ्यापुढे सरकवली. "शांत म्हणजे काय? झोपली होती, रडून थकली होती, की ठरवून गप्प होती?" तीव्र नैराश्यातला माणूस एकाएकी निवांत दिसू लागला तर इथे कुणी सुटकेचा नि:श्वास टाकत नाही, उलट खुर्ची आणखी जवळ ओढतात, कारण त्याने जीव द्यायचं ठरवलेलंही असू शकतं. 'शांत' हा शब्द त्यानंतर मी नोंदवहीत लिहिलेला नाही.

कायद्याचीही एक गोष्ट सांगते, कारण तिची मला आधी भीतीच वाटायची. रात्री दोनच्या सुमारास एक जण बॅग भरून दाराशी आला. स्वतःहून दाखल झालेला, म्हणजे जायला मोकळा. पण तासाभरापूर्वीच तो मला म्हणाला होता की आता सगळं संपवायचंय. ड्यूटीवरचे डॉक्टर दुसऱ्या इमारतीत. 1983 च्या मेंटल हेल्थ ॲक्टमध्ये पाचव्या कलमाचं चौथं पोटकलम आहे: अशा वेळी मानसिक आरोग्याची नर्स दाखल रुग्णाला जास्तीत जास्त 6 तास थांबवू शकते, डॉक्टर येईपर्यंत. फॉर्मचं नाव एच-टू. सही करताना माझं अक्षर मलाच ओळखू येत नव्हतं. तो मला वाट्टेल ते बोलला, आणि त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. डॉक्टर पाऊण तासात आले, तोवर आम्ही दोघं दाराशीच जमिनीवर बसून होतो.

पण मला खरं लिहायचंय ते क्लोझापिनबद्दल. स्किझोफ्रेनियात दोन औषधं नीट देऊनही गुण आला नाही की हे औषध सुरू करतात, आणि वर्षानुवर्षं नसलेले आवाज ऐकणारी माणसं यावर पुन्हा वर्तमानपत्र वाचताना मी पाहिली आहेत. धोकाही तितकाच. काही जणांत पांढऱ्या पेशी कोसळतात. 1975 मध्ये फिनलंडमध्ये त्यापायी रुग्ण दगावले आणि बऱ्याच देशांनी औषध मागे घेतलं. ते परत आलं ते रक्ततपासणीची अट घेऊन. मी शिकले तेव्हाचा हिशेब असा: पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त, मग वर्ष पुरं होईपर्यंत पंधरवड्याला, पुढे महिन्याला. रिपोर्ट हिरवा, पिवळा किंवा लाल. 48 तासांहून जास्त खंड पडला तर पुन्हा 12.5 मिलिग्रॅमपासून सुरुवात.

रक्ताकडे सगळ्यांचं लक्ष असतं. पोटाकडे नसतं. या औषधाने आतडी इतकी मंदावतात की बद्धकोष्ठता जिवावर बेतू शकते. म्हणून रोज सकाळी माझा पहिला प्रश्न, "पोट साफ झालं का?" एवढं शिकून सातासमुद्रापार येऊन हे विचारते, यावर आई अजून हसते.

साठीचे एक गृहस्थ कित्येक वर्षं याच औषधावर होते, डोस न बदलता. दिवसाला तीसेक सिगारेटी ओढायचे. वॉर्डात धूम्रपान बंद, म्हणून निकोटिनचा पॅच लावला. सगळे खूश, सिगारेट सुटली! आठवड्याभरात ते दुपारीही पेंगू लागले, बोलणं जड झालं. एका पहाटे आमच्या हेल्थकेअर असिस्टंटने उशीचा अभ्रा माझ्यासमोर धरला. लाळेने चिंब. "रात्रीतला तिसरा," ती म्हणाली.

सिगारेटच्या धुरामुळे यकृत क्लोझापिन झपाट्याने निकाली काढतं. हे काम निकोटिनचं नाही, धुराचं, म्हणून पॅच इथे कामाचा नाही. धूर थांबला की तोच डोस अंगात साठत जातो, पातळी दीडपटही होऊ शकते, आणि फार वाढली तर झटके येतात. दाखल करतानाच हे कुणाच्यातरी लक्षात यायला हवं होतं. माझ्याही. पातळीचा रिपोर्ट चढा आला, डॉक्टरांनी डोस कमी केला, आणि काही दिवसांत ते पुन्हा शब्दकोडी सोडवू लागले.

डिस्चार्जच्या दिवशी मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. त्यांनी हात हलवला, दोन पावलं पुढे गेले, आणि खिशातून पाकीट काढून सिगारेट पेटवली. मी तशीच मागे फिरले आणि कम्युनिटी नर्सला फोन लावला.