लायनफिशला कोळंबी खायला लावताना

लायनफिश, म्हणजे विषारी काट्यांचा समुद्री शिकारी मासा, विकत घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला एवढंच म्हणा, ‘आधी माझ्यासमोर त्याला मेलेलं काही खाऊ दे, मग पैसे.’ पाच मिनिटांचं काम आहे. ‘आत्ताच खाल्लंय’, ‘पोट भरलंय त्याचं’ अशी टाळाटाळ सुरू झाली की सरळ परतीचं स्टेशन गाठा. पुण्यातल्या ज्या दुकानातून माझा मासा आला तिथे मला ऐकवण्यात आलं होतं, ‘काहीही खातो हो, राक्षस आहे.’ राक्षस सोलापुरात आला आणि फक्त जिवंत गप्पी मासे खायला लागला. बाकी कशाकडे ढुंकून बघेना. फोन केला तर पलीकडून उत्तर, ‘तुमच्याकडचं पाणी सूट झालं नसेल.’ पाणी! ज्या पाण्यात तो गप्प्या गिळत होता तेच पाणी. वर, ‘गप्पी पाठवू का आणखी?’

टँकचं फार सांगत बसत नाही. ४५० लिटरचा आहे, वजनापायी तळमजल्यावर ठेवलाय. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड, तेही जड, म्हणून आरओचं पाणी पिंपात साठवायचं आणि लिटरला साधारण ३५ ग्रॅम मरीन सॉल्ट (समुद्रासारखं पाणी करायचं मीठ) घालायचं. मे महिन्यात बाहेर ४३-४४ अंश, माशाला हवेत २५-२६, म्हणून पाणी थंड ठेवणारा चिलर. चिलरचं बिल सोडलं तर यातल्या कशानेही मला छळलं नाही. छळलं ते त्याच्या जेवणाने.

‘गप्पी खातोय ना बे? मग कशाला डोकं लावतोस?’ असं मित्र म्हणाला. डोकं लावायचं कारण असं की गप्पी, गोल्डफिश हे गोड्या पाण्यातले मासे. समुद्री माशाला लागणारी ओमेगा-३ चरबी त्यांच्यात पुरेशी नसते. नको ती चरबी मात्र असते आणि ती यकृतात साठत जाते. गोल्डफिशमध्ये तर थायमिनेज असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. मासा महिनोन्‌महिने गुबगुबीत दिसतो आणि एके सकाळी तळाशी आडवा. शिवाय गप्पी एकदम खाऱ्या पाण्यात पडली की थोड्याच वेळात गळाठते. नाही खाल्ली गेली तर कुठल्या तरी दगडामागे जाऊन सडते आणि ती शोधत हात घालायचा तो विषारी काट्यांच्या शेजारी.

काट्यांचं आत्ता आठवलंय तर सांगूनच टाकतो. पाठीवर १३, पोटाखाली २, शेपटीच्या बाजूला खाली ३, असे १८ विषारी काटे. बाजूचे ते मोठे पिसाऱ्यासारखे पर दिसायलाच भयंकर, त्यांत विष नाही. काटा लागला तर बर्फ लावू नका. हे विष उष्णतेने मोडतं, म्हणून सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४३ ते ४५ अंश, अर्धा ते दीड तास हात बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. पाण्याचा अंदाज दुसऱ्या माणसाने, दुसऱ्या हाताने घ्यायचा. दुखऱ्या हाताला कळत नाही आणि भाजतं.

तर कोळंबी. आमचं घर लिंगायताचं, घरात अंडंसुद्धा येत नाही. मासळी बाजारात मी आयुष्यात पहिल्यांदा याच्यासाठी गेलो. बाई म्हणाली, ‘झिंगा पाहिजे? किती माणसं जेवायला, मालक?’ म्हटलं, ‘एक मासा आहे.’ ती माझ्याकडे बघत राहिली, मग माझ्या गळ्यातल्या लिंगाकडे. पाव किलो घेतली. सोललेली, उकडलेली पाकिटातली घेऊ नका. कच्ची, कवचासकट घ्या, घरी सोला, काळा दोरा काढा, गोड्या पाण्यात धुवा, एका वेळेच्या पुड्या करून गोठवा. गोठवायला आमच्याकडे जागा कुठली? अव्वाने एकच वाक्य सांगितलं, ‘नैवेद्याचं दूध जिथं, तिथं हे नाही.’ शेवटी एक जुना छोटा फ्रीज घेतला, तो जिन्याखाली आहे, किल्ली माझ्याकडे.

एवढं सगळं करून, माशाच्या दोन डोळ्यांतल्या अंतराहून मोठा होणार नाही असा तुकडा कापून समोर सोडला. तुकडा खाली गेला. मासा जागेवरच, पर पसरून, मान मिळाला नाही म्हणून रुसलेल्या वरबापासारखा. दुसऱ्या दिवशी तेच. पुढच्या आठवड्यातही तेच.

याचं डोकं असं चालतं: हललं तर अन्न, नाही हललं तर दगड. वास वगैरे नंतरच्या गोष्टी. चिमट्यात धरून हलवलं तर चिमट्याला बिचकायचा. मांदेली ही छोटी मासळी दिली, नाही. माकूळ (स्क्विड) पातळ पट्ट्या करून दिलं, नाही. रोज संध्याकाळी कामावरून यायचं, हात धुवायचे, तुकडा घेऊन खांदा भरून येईपर्यंत उभं राहायचं, मग न खाल्लेला तुकडा शोधून काढायचा (पंधरा मिनिटांच्या वर पाण्यात राहू देऊ नका, अमोनिया चढतो), आणि पुन्हा कोळंबीचे हात धुवायचे, कारण अव्वा वास बरोबर ओळखते.

सगळ्यांचा सल्ला एकच, ‘उपाशी ठेव, झक मारत खाईल.’ लेव्ह फिशेल्सन नावाच्या संशोधकाने १९९७ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केलाय: लायनफिश बारा आठवडे उपाशी राहूनही जगले. हे वाचून मला धीरही आला आणि संतापही. त्याच्याकडे बारा आठवडे होते, माझ्याकडे नव्हते. आणि नुसती उपासमार करून हा शिकत नाही. भूक वाढते, पण समोरचा तुकडा म्हणजे अन्न हे त्याला कोणी तरी दाखवावंच लागतं.

दाखवलं ते मॉली नावाच्या छोट्या माशाने. मॉली सावकाश खाऱ्या पाण्याला सरावते, त्यामुळे ती गप्पीसारखी मरगळत नाही, तरतरीत फिरते. वेगळ्या डब्यात हळूहळू खारं पाणी वाढवत नेऊन काही मॉल्या तयार ठेवल्या. संध्याकाळी टँकचा दिवा बंद केला, बाहेर फक्त हॉलची ट्यूब. लायनफिश मुळात दिवस मावळतानाचा शिकारी, भर उजेडात त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. पंप बंद केला. एक मॉली काचेच्या बरणीत घालून बरणीचं तोंड धरून ती अर्धी पाण्यात बुडवली. हा कपारीतून बाहेर आला, पर पसरून बरणीला कोपऱ्यात घेतलं, काचेवर तोंडाने पाण्याची पिचकारी मारली. शिकार आपल्याकडे तोंड करून वळावी म्हणून तो हे करतो. तेवढ्यात बरणीला लागून काडी खाली सोडली.

काडी म्हणजे एअर पंपाची कडक पारदर्शक नळी. टोकाला ब्लेडने चीर पाडायची, चिरेत तुकडा अडकवायचा. टोकदार काहीच नको, हा झेपावतो तेव्हा टोक थेट घशात जातं. तुकडा मॉलीसारखा थांबत, झटका देत हलवला. डोळे बरणीवरून तुकड्यावर आले. पिचकारी. आणि तुकडा गायब! गालफडं दोनदा हलली आणि ‘थू’ करून बाहेर. मला बरणी फेकावीशी वाटली. दुसरा तुकडा, तोही थुंकला. तिसरा आत गेला तो आतच राहिला. मी ‘गिळलं!’ म्हणून एवढ्याने ओरडलो की अव्वा पूजेतून उठून आली, ‘काय गिळलं? कोणी?’

पुढे लगेच सगळं गोड झालं असं नाही. मधे मधे नाटकं चालूच होती, बरणी परत काढावी लागली. पण हळूहळू बरणी रिकामी ठेवली तरी चालायला लागलं, मग बरणीही नको, नुसती काडी दिसली की काचेला येऊन उभा. अजून एक: शिकलेला मासा मध्येच जेवण सोडतो, अंग निस्तेज दिसतं, थरथरतो, तेव्हा घाबरू नका. हे मासे वरची पातळ कात टाकतात, त्या काळात खात नाहीत. कात तरंगताना दिसली की पुन्हा काडी काढा.

नुसत्या कोळंबीवर मात्र ठेवू नका. माकूळ, मांदेली, मधेच अख्खी छोटी मासळी असं बदलत द्या, बी-१ असलेलं व्हिटॅमिनचं औषध तुकड्याला अधूनमधून चोळा. सुकवलेल्या क्रिलवर (कोळंबीसारखा छोटा समुद्री जीव) कायमचा मासा ठेवला की जबडा अडकतो असं जुने मरीनवाले सांगतात. मी ते आणतच नाही.

प्रमाण? पिल्लाला रोज थोडं, मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. याचं पोट तिसेक पट ताणतं, त्यामुळे ‘अजून दे’ असंच तो कायम बघत असतो. त्या नजरेला भुलायचं नाही. गड्ड्याच्या जत्रेला पाहुणे आले की प्रत्येकाला काडी धरायची असते. आणि गावाला जाताना शेजाऱ्याला फीडिंगचं काम सांगू नका. आठवडाभर उपाशी राहिला तर मोठ्या माशाला काही होत नाही, शेजाऱ्याने प्रेमाने घातलेल्या पाव किलो कोळंबीने मात्र टँक बसतो. फ्रीजला कुलूप लावा आणि जा.